पंपावरचं दुसरं नाव

पेट्रोल पंपावर बाइकमध्ये दोनशेचं पेट्रोल टाकताना शेजारच्या नळीवरचा शब्द तुम्ही हजारदा वाचला असेल. पेट्रोल म्हणजे मुळात दगडातलं तेल, जुन्या लॅटिन शब्दांतून आलेलं. सीएनजी हे तर नुसतं लघुरूप. डिझेल मात्र एका माणसाचं आडनाव आहे. रुडॉल्फ डिझेल. जगातल्या बहुतेक ट्रकवर, जहाजांवर, ट्रॅक्टरवर ज्याचं काम चालतं तो हा माणूस. त्या इंजिनाने त्याला आधी लखपती केलं. पुढे तो कर्जात बुडाला आणि वयाच्या ५५ व्या वर्षी एका रात्री भर समुद्रात जहाजावरून नाहीसा झाला.

पेट्रोल की डिझेल, हा वाद तुमच्या घरातही गाडी घेताना झाला असेल. काका म्हणतात डिझेलच घे, एव्हरेज बघ. दादा म्हणतो आता डिझेलचे दिवस गेले. अमेरिकेत हाच वाद फार मोठ्या अंगाने चालतो. तिथे पेट्रोलला गॅस म्हणतात, त्यामुळे ऐकणाऱ्याचा उगाच गोंधळ होतो. घोड्यांचा ट्रेलर, बोट, बांधकामाचं सामान, चाकांवरचं अख्खं घर मागे ओढायला लोक हेवी ड्यूटी पिकअप घेतात आणि शोरूममध्ये पहिला प्रश्न येतो, गॅस की डिझेल? या वादातले बहुतेक मुद्दे १८९७ सालच्या त्या पहिल्या इंजिनातच होते. म्हणून आधी माणूस बघू, मग पिकअपकडे येऊ.

रुडॉल्फचा जन्म १८ मार्च १८५८ चा, पॅरिसमधला. आईवडील जर्मन, बव्हेरियाकडचे. वडील थिओडोर यांचा पुस्तकबांधणीचा आणि चामड्याच्या वस्तूंचा धंदा. घरात पैसा बेताचाच. तयार झालेला माल गिऱ्हाइकांकडे पोचवायचं काम पोरगा करायचा, हातगाडी ढकलत. पुढे जगभराचा माल ज्याच्या इंजिनावर हलणार होता, त्याने लहानपणी पॅरिसच्या गल्ल्यांत असा माल वाहिलेला. मोकळा वेळ मिळाला की तो शहरातल्या यंत्रांच्या संग्रहालयात जायचा. तिथे क्यूनोची अठराव्या शतकातली वाफेवर चालणारी अवाढव्य तीनचाकी गाडी ठेवलेली होती. ती बघत बसायची, तिची चित्रं काढायची, हा त्याचा छंद.

१८७० मध्ये फ्रान्स आणि प्रशिया यांच्यात युद्ध पेटलं आणि पॅरिसमधले जर्मन लोक एका रात्रीत परके झाले. डिझेल कुटुंबाला धंदा, घर सगळं टाकून लंडनला पळावं लागलं. तिथे सगळ्यांची पोटं भरण्याची मारामार. मग बारा वर्षांच्या रुडॉल्फला एकट्याला जर्मनीतल्या आउग्सबुर्गला, गणित शिकवणाऱ्या एका नातेवाइकाकडे धाडलं. वयाच्या चौदाव्या वर्षी त्याने आईवडिलांना पत्र लिहून कळवलं की आपल्याला इंजिनिअर व्हायचंय. घरच्यांना वाटत होतं की पोराने आता कमवायला लागावं. त्याने ऐकलं नाही. शाळेत पहिला आला, शिष्यवृत्ती मिळवली आणि १८७५ मध्ये म्युनिकच्या पॉलिटेक्निकमध्ये दाखल झाला. घरची परिस्थिती आणि स्वतःची इच्छा यांच्या ओढाताणीत अडकलेले तुमच्यापैकीही बरेच असतील. तिथे त्याचा मार्ग मोकळा केला तो शिष्यवृत्तीच्या पैशाने, हे विसरू नका.

म्युनिकमध्ये त्याला कार्ल फॉन लिंडे हे शिक्षक भेटले. तुमच्या घरातला फ्रिज ज्या शास्त्रावर चालतो, त्यातलं हे मोठं नाव. १८७८ मध्ये एका तासाला लिंडे सांगत होते की चांगल्यात चांगलं वाफेचं इंजिनसुद्धा कोळशातल्या उष्णतेपैकी जेमतेम सहा ते दहा टक्के कामी लावतं, बाकीची वाया जाते. शंभर रुपयांचा कोळसा जाळा, नव्वद रुपये चिमणीतून आणि पाण्यातून उडून जातात. वर्गातल्या बाकीच्या मुलांनी हे वाक्य उतरवून घेतलं असेल आणि परीक्षेत लिहिलं असेल. डिझेलने वहीच्या समासात स्वतःसाठी एक टिपण केलं. उष्णता वाया न घालवता तिचं जवळजवळ सगळं काम करून घेणारं इंजिन बनवणं शक्य आहे का, हे तपासायचं. पुढची पंधरा वर्षं तो ते टिपण सोडायला तयार नव्हता.

१८७९ मध्ये शेवटच्या परीक्षेच्या वेळी त्याला टायफॉइड झाला. वर्गमित्र पास होऊन गेले, हा राहिला. मधल्या काळात स्वित्झर्लंडमध्ये विंटरथुरच्या सुल्झर कारखान्यात त्याने हाताने काम केलं आणि जानेवारी १८८० मध्ये परीक्षा दिली ती सर्वोच्च गुणांनी. मग लिंडेंनीच त्याला पॅरिसच्या बर्फाच्या कारखान्यात लावून घेतलं. वर्षभरात तो तिथला मुख्य झाला. नोकरी चांगली होती. १८८३ मध्ये मार्था फ्लाशे हिच्याशी लग्न झालं, पुढे तीन मुलं झाली. दिवसा बर्फ, रात्री इंजिन. आधी त्याने वाफेऐवजी अमोनियाची वाफ वापरून बघितली, बरीच वर्षं त्यात घालवली, ते जमलं नाही. १८९० मध्ये तो बर्लिनला आला.

आता त्याच्या डोक्यात जी कल्पना बसली ती समजून घ्या. ती फार सोपी आहे. सायकलच्या टायरमध्ये पंपाने जोरजोरात हवा भरली की पंपाचं टोक तापतं. हवा दाबली की तापते, एवढंच. खूप दाबली तर खूप तापते. आग्नेय आशियात याच युक्तीवर चालणारी एक नळी होती. बांबूच्या किंवा शिंगाच्या नळीत दट्ट्या झटक्यात दाबला की आतला कापूस पेट घेतो. अशी नळी डिझेलने पाहिली होती असं नेहमी सांगतात. त्या वेळी पेट्रोलवर किंवा वायूवर चालणारी इंजिनं होतीच. निकोलाउस ऑटोने १८७६ मध्येच चार टप्प्यांचं इंजिन बनवलं होतं, तुमच्या बाइकमध्ये आजही तेच आहे. त्यात हवा आणि इंधन आधी मिसळतात, मग थोडं दाबतात आणि मग ठिणगी टाकतात. पण अडचण अशी की मिश्रण फार दाबलं तर ते ठिणगीची वाट न पाहता स्वतःच पेटतं आणि इंजिन ठोके मारायला लागतं. म्हणजे जास्त दाबता येत नाही. आणि जास्त दाबता आलं नाही तर उष्णतेचं कामही पुरतं वसूल होत नाही.

डिझेलने हे उलटं केलं. आधी नुसती हवाच दाबायची, हवी तेवढी. इंधन नसल्यामुळे अवेळी पेटायला काही नाही. हवा भट्टीसारखी तापली की ऐन वेळी इंधनाचा फवारा सोडायचा. ते आपोआप पेटेल. ठिणगी नको, स्पार्क प्लग नको.

१८९२ मध्ये त्याने पेटंटचा अर्ज केला, फेब्रुवारी १८९३ मध्ये पेटंट मिळालं. त्याच वर्षी एक पुस्तकही काढलं, ज्याच्या नावातच वाफेचं इंजिन आणि बाकीची सगळी इंजिनं हटवण्याची भाषा होती. पस्तिशीतला माणूस, अजून एक यंत्र फिरवून दाखवलेलं नाही, आणि दावा हा. नम्रता हा त्याचा गुण नव्हताच. शिवाय त्या पुस्तकात चुका होत्या. त्याच्या मूळ हिशेबाला हवेवर २५० पट दाब हवा होता. तो दाब सहन करणारं सिलिंडर त्या काळी कोणी बनवू शकत नव्हतं, आणि बनवलं असतं तरी त्या पद्धतीने इंजिनाची जवळजवळ सगळी ताकद हवा दाबण्यातच खर्ची पडली असती. हे त्याच्या लवकरच लक्षात आलं. त्याने गुपचूप दुरुस्ती केली, दाब तीस-चाळीसवर आणला, इंधन जाळण्याची रीत बदलली आणि दुसरं पेटंट घेतलं. पण पहिल्या पेटंटमध्ये लिहिलं ते आणि प्रत्यक्षात बनलं ते एक नाही, हा आरोप त्याचे विरोधक आयुष्यभर करत राहिले. आणि आरोप अगदीच खोटा नव्हता.

आउग्सबुर्गच्या यंत्रकारखान्याचे प्रमुख हाइनरिश फॉन बुत्स यांनी जागा आणि माणसं दिली, क्रुप कंपनीने पैसे दिले. १० ऑगस्ट १८९३ ला पहिली चाचणी झाली. गंमत बघा, त्या दिवशी आत सोडलेलं इंधन चक्क पेट्रोल होतं. हवा तापली, फवारा गेला आणि धडाका झाला. दाब मोजायचं उपकरण फुटून तुकडे उडाले. जवळ उभी असलेली माणसं थोडक्यात वाचली. त्या इंजिनाने स्वतःच्या जोरावर एकही फेरा मारला नाही. तुम्ही प्रोजेक्टच्या डेमोला गेलात आणि सर्किटमधून धूर निघाला, तर कसं वाटेल? डिझेलला मात्र आनंद झाला होता. कारण इंधन ठिणगीशिवाय पेटलं होतं आणि नेमका तोच मुद्दा त्याला सिद्ध करायचा होता.

१७ फेब्रुवारी १८९४ ला सुधारलेलं इंजिन साधारण एक मिनिट स्वतःहून फिरलं, मिनिटाला ८८ फेरे. मग आणखी तीन वर्षं गेली. इंधन आत फवारायचं कसं, इथे घोडं अडलं होतं. शेवटी ज्या हवेच्या जोरावर फवारा मारायचा, ती हवाच वेगळ्या कॉम्प्रेसरने भरून ठेवायची असं ठरलं. १७ फेब्रुवारी १८९७ ला म्युनिकचे प्राध्यापक मोरित्स श्रोटर यांनी इंजिनाची रीतसर चाचणी घेतली. एकच सिलिंडर, ताकद २० हॉर्सपॉवरच्या आसपास, उंची तीन मीटर. म्हणजे तुमच्या वर्गाच्या छताला टेकलं असतं. आणि इंधनातली २६ टक्के उष्णता कामी लागली. लिंडेंच्या तासाला ऐकलेल्या सहा-दहा टक्क्यांशी हा आकडा ताडून बघा. ते इंजिन आजही म्युनिकच्या संग्रहालयात आहे.

या यंत्राला काय नाव द्यावं यावर बराच खल झाला. सरळ तुमचंच आडनाव द्या, असं मार्थाने सुचवलं म्हणतात.

आता पिकअपकडे येऊ. तीन मीटर उंचीच्या त्या धूडात आणि आजच्या अमेरिकन ट्रकच्या बॉनेटखालच्या इंजिनात फरक प्रचंड आहे, पण स्वभाव तोच. जास्त दाब सोसायचा म्हणजे सगळं जाडजूड हवं. सिलिंडरची भिंत, पिस्टन, क्रँक, सगळंच. म्हणून डिझेल इंजिन जड आणि महाग. तिथल्या हेवी ड्यूटी पिकअपमध्ये डिझेल घ्यायचं तर सुमारे दहा हजार डॉलर जादा मोजावे लागतात. आणि एक गोष्ट भल्याभल्यांना उलटी वाटते. गाडीचं सामानासह एकूण वजन किती असावं याची मर्यादा ठरलेली असते. इंजिनच जड झालं तर तेवढं सामान कमी. म्हणून मागच्या हौद्यात वजन भरायचं असेल तर पेट्रोलवाली पिकअप बऱ्याचदा जास्त उचलते. ओढायचं असेल तर मात्र गोष्ट वेगळी.

रॅम या कंपनीच्या २०१९ च्या गाड्या घ्या. ६.४ लिटरचं पेट्रोल इंजिन ४१० हॉर्सपॉवरचं आणि ४२९ पौंड-फूट टॉर्कचं. ६.७ लिटरचं डिझेल त्यातल्या ताकदवान प्रकारात ४०० हॉर्सपॉवरचं, पण टॉर्क १,००० पौंड-फूट. हॉर्सपॉवर जवळजवळ सारखी, टॉर्क दुपटीहून जास्त. टॉर्क म्हणजे चाक फिरवण्याचा पीळ. पाच-सहा टनांचा ट्रेलर लावून रॉकी पर्वताचा घाट चढताना पेट्रोल इंजिनाला आरडाओरडा करत जास्त फेरे मारावे लागतात. डिझेल खालच्या आरपीएमवर शांतपणे ओढत राहतं. उतारावर एक्झॉस्ट ब्रेक लावून तेच इंजिन गाडी धरूनही ठेवतं. तेल कमी पितं, त्याचं कारण तुम्हाला आता माहीत आहे. त्यात लिटरमागे डिझेलमध्ये ऊर्जाही थोडी जास्तच असते.

मग सगळे डिझेलच का घेत नाहीत? कारण बहुतेकांची गाडी घाट चढत नाही. पोरांना शाळेत सोडायचं, दुकानातून सामान आणायचं, दोन मैल जाऊन बंद करायची. डिझेलला हे सोसत नाही. हवा तापली तरच पेटणारं इंजिन. थंडीत सकाळी त्याला ऊब द्यावी लागते, कडाक्याच्या थंडीत तर डिझेल तेलातलं मेण गोठतं. शिवाय भरपूर हवा आणि भरपूर उष्णता एकत्र आली की नायट्रोजनचे ऑक्साइड तयार होतात, आणि फवारा नीट न जळलेल्या जागी काजळी धरते. म्हणजे ज्या गुणामुळे तेल वाचतं त्यातूनच प्रदूषणही येतं. ते पकडायला गाळणी हवी, युरियाच्या द्रावणाची वेगळी टाकी हवी. छोट्या फेऱ्यांमध्ये गाळणी पुरेशी तापत नाही, काजळी जळत नाही, ती तुंबते, आणि गॅरेजचं बिल येतं. फोक्सवॅगनने २०१५ मध्ये जो घोटाळा केल्याचं उघड झालं, तो हाच खर्च आणि त्रास सॉफ्टवेअरच्या चलाखीने टाळण्याचा होता. आपल्याकडे १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ नियम आले आणि मारुतीने डिझेल गाड्या बनवणं थांबवलं, तेही छोट्या गाडीला हा सगळा संसार परवडत नाही म्हणूनच.

माझं मत विचाराल तर, वर्षातले बरेच दिवस खरोखर ओझं ओढणार असाल आणि लांबचे पल्ले मारणार असाल तर डिझेल. वर्षातून दोनदा बोट ओढायची आणि बाकी दिवस रुबाब करायचा, तर पेट्रोल घ्या आणि उरलेल्या पैशात बोट बदला. अमेरिकेत तर डिझेल बहुधा पेट्रोलपेक्षा महागच असतं, त्यामुळे जादाचे दहा हजार डॉलर वसूल व्हायला हजारो मैल ओझं ओढावं लागतं.

स्वतः डिझेलच्या मनात मात्र ना पिकअप होती ना ट्रक. त्याला दिसत होते छोटे कारागीर. वाफेचं इंजिन मोठं असेल तरच परवडायचं, म्हणून फक्त बड्या कारखानदाराकडे असायचं आणि सुतार, विणकर, छापखानेवाले त्याच्यापुढे टिकत नव्हते. हातगाडीवरून बापाचा माल पोचवणाऱ्या पोराला हे कळायला अर्थशास्त्र वाचायची गरज नव्हती. लहान कारागिराला परवडेल असं, कुठलंही तेल पिणारं स्वस्त इंजिन दिलं तर तो आपल्याच गावात, आपल्याच घरात ताठ उभा राहील, असा त्याचा हिशेब होता. १९०३ मध्ये त्याने समाजात सहकार कसा आणावा यावर एक अख्खं पुस्तक लिहिलं. ते फारसं कोणी विकत घेतलं नाही. इंजिनापेक्षा आपलं खरं काम हे पुस्तक आहे असं त्याला वाटत होतं, आणि हे मला त्याच्या आयुष्यातलं सगळ्यात चटका लावणारं वाटतं.

कारण घडलं उलटंच. इंजिन घेतलं ते बड्या लोकांनी. अमेरिकेतल्या बिअरसम्राट अडॉल्फस बुश यांनी १८९७ मध्ये तिथले हक्क दहा लाख मार्कांना घेतले. रशियात नोबेल कुटुंबाने घेतले. चाळिशीत डिझेल लखपती झाला, म्युनिकमध्ये राजवाड्यासारखं घर बांधलं. पण विकलेली पहिली इंजिनं नीट चालेनात. काड्यापेट्यांच्या एका कारखान्याला दिलेलं इंजिन सारखं बंद पडायचं आणि आउग्सबुर्गहून माणसं धावायची. दुसरे संशोधक कोर्टात गेले. आपली कल्पना चोरली म्हणाले. खटला डिझेल जिंकला, पण डोकं दुखणं सुरू झालं ते कायमचंच. १८९८ मध्ये तो इतका खचला की उपचारांसाठी त्याला काही महिने आरोग्यधामात राहावं लागलं. तेलविहिरींत आणि जमिनींच्या व्यवहारांत घातलेला पैसा बुडाला. यंत्रात एकेक ग्रॅम तेलाचा हिशेब ठेवणारा माणूस स्वतःच्या पैशाच्या बाबतीत मात्र पार हवेत होता.

१९०० च्या पॅरिस प्रदर्शनात त्याच्या इंजिनाला सर्वोच्च बक्षीस मिळालं. तिथे एक छोटं डिझेल इंजिन शेंगदाण्याच्या तेलावर चालवून दाखवलं गेलं, आणि दाखवणारी कंपनी कोणाची? ऑटोची! फ्रेंच सरकारला आफ्रिकेतल्या वसाहतींत स्थानिक तेलावर यंत्रं चालवता येतील का ते बघायचं होतं. इंजिनात फारसा बदल करावा लागला नाही. बघणाऱ्यांना आत शेंगतेल आहे हे कळलंही नाही. पुढे १९१२ मध्ये वनस्पती तेलांना एक दिवस महत्त्व येईल असं डिझेलने सांगून ठेवलं होतं.

त्याच १९१२ मध्ये सेलँडिया हे डॅनिश जहाज कोपनहेगनहून बँकॉकला निघालं. महासागर ओलांडणारं मोठं जहाज, पण कोळसा नाही, भट्टीवर घाम गाळणारी माणसं नाहीत आणि धुराडंही नाही. लंडनला विन्स्टन चर्चिल ते बघायला आले, तेव्हा ते ब्रिटिश नौदलाचे मंत्री होते. पाणबुड्यांतही डिझेल बसलं होतं. ज्याला सुताराच्या दुकानात इंजिन न्यायचं होतं, त्याचं इंजिन युद्धनौकांच्या नकाशावर गेलं. ट्रकमध्ये बसेल असं लहान इंजिन त्याने १९०८ च्या सुमारास स्वित्झर्लंडमध्ये करून पाहिलं, पण हवेचा तो वेगळा कॉम्प्रेसर आडवा आला. तोवर मूळ पेटंटची मुदतही संपली होती. जो तो डिझेल इंजिन बनवत होता आणि डिझेलला त्यातून काही मिळत नव्हतं.

२९ सप्टेंबर १९१३. इंग्लंडमधल्या डिझेल कंपनीच्या बैठकीसाठी तो अँटवर्पला ड्रेस्डेन नावाच्या जहाजावर चढला. जेवला, सोबतच्यांशी बोलला. रात्री दहाच्या सुमारास सकाळी सव्वासहाला उठवायला सांगून केबिनमध्ये गेला. सकाळी केबिन रिकामी. अंथरुणावर कोणी झोपलेलं नव्हतं, रात्रीचे कपडे तसेच काढून ठेवलेले, घड्याळ पलंगावरून दिसेल असं ठेवलेलं. डेकच्या कठड्याजवळ टोपी आणि नीट घडी घातलेला ओव्हरकोट. दहा दिवसांनी एका डच बोटीला समुद्रात एक मृतदेह दिसला. त्यांनी खिशातल्या वस्तू काढून घेतल्या आणि तो पुन्हा पाण्यात सोडला. चष्म्याचं घर, चाकू, गोळ्यांची डबी. धाकटा मुलगा ऑयगेन याने त्या वस्तू वडिलांच्या म्हणून ओळखल्या.

वर्तमानपत्रांना विषय मिळाला. जर्मन हेरांनी मारलं, तेल कंपन्यांनी मारलं, काय काय छापून आलं. सिद्ध काहीच झालं नाही. निघण्याआधी त्याने मार्थाकडे एक बॅग दिली होती आणि आठवडाभर उघडू नको म्हणून सांगितलं होतं. तिने उघडली तेव्हा आत रोख रक्कम होती आणि खाती जवळजवळ रिकामी झाल्याचे कागद. त्याच्या डायरीत २९ सप्टेंबरच्या तारखेपुढे एक फुली होती. हे सगळं एका बाजूला ठेवलं की हेरांच्या गोष्टी मला तरी पटत नाहीत.

तो गेल्यावर दहा वर्षांतच ट्रकची अडचण सुटली. कॉम्प्रेसरशिवाय फवारा मारण्याच्या रीती निघाल्या, १९२०च्या दशकाच्या मध्यापर्यंत जर्मनीत डिझेल ट्रक रस्त्यावर आले आणि १९२७ पासून रॉबर्ट बॉशच्या कारखान्यातून इंधनाचे नेमके पंप बाहेर पडू लागले. अमेरिकेत इंडियाना राज्यातल्या क्लेसी कमिन्स नावाच्या मेकॅनिकने जानेवारी १९३० मध्ये पॅकार्ड मोटारीत डिझेल इंजिन बसवलं आणि न्यूयॉर्कपर्यंतचा आठशेच्या आसपास मैलांचा प्रवास १ डॉलर ३८ सेंटच्या तेलात करून दाखवला. पुढच्या वर्षी त्याची गाडी ५०० मैलांच्या इंडियानापोलिस शर्यतीत एकदाही न थांबता धावली. जिंकली नाही, पण थांबलीही नाही. त्याच्याच कंपनीचं ५.९ लिटरचं इंजिन १९८९ च्या डॉज पिकअपमध्ये आलं, आणि गॅस की डिझेल हा वाद तिथल्या घरोघरी पोचला. कमिन्स हे नाव पुण्याच्या मुलांना नवं नाही. १९६२ मध्ये किर्लोस्करांबरोबर ही कंपनी पुण्यात आली.

आणि त्या छोट्या कारागिरांचं काय झालं? त्यासाठी आजोबांना विचारा. किर्लोस्कर ऑइल इंजिन्स पुण्यात १९४६ मध्ये सुरू झाली. वीज न पोचलेल्या गावांत विहिरीवर, गुऱ्हाळात, पिठाच्या गिरणीत जे इंजिन पुकपुक करायचं, ते यातलंच किंवा याच्यासारखं. त्याला कोणी डिझेल इंजिनही म्हणायचं नाही, नुसतं इंजिन. ते चालू करायची रीत आजोबांना अजून आठवत असेल. आधी वरचा लिव्हर उचलून दाब सोडायचा, म्हणजे हँडल हलकं फिरतं. मग दोन्ही हातांनी हँडल मारून जड फ्लायव्हीलला वेग द्यायचा. वेग आला की लिव्हर खाली टाकायचा. आत हवा दाबली जाते, तापते, आणि ठिणगीशिवाय पहिला ठोका पडतो. हँडल वेळेवर सोडलं नाही तर मनगट जायचं.